श्रीलंकेचं २०२२ साल: देशाकडचे डॉलर संपतात तेव्हा काय होतं?

सरकारनं कुठलीही नवी योजना जाहीर केली, की दोन दिवसांत कुणीतरी म्हणतंच, "अशानं आपली श्रीलंका होईल." असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पेट्रोलच्या रांगा असतात, राष्ट्राध्यक्षांच्या पोहण्याच्या तलावात उतरलेली सामान्य माणसं असतात आणि देश सोडून पळालेले राष्ट्राध्यक्ष असतात. हे सगळं खरंच घडलं. पण तो त्या गोष्टीचा शेवट होता. गोष्ट कशी घडत गेली हे माहीत नसेल, तर 'श्रीलंका होणं' म्हणजे काय ते कळत नाही, आणि भीती भलत्याच गोष्टीची वाटत राहते.

श्रीलंका हा काही फाटका देश नव्हता. सव्वादोन कोटींच्या आसपास लोकसंख्या, नव्वद टक्क्यांहून अधिक साक्षरता, मोफत शिक्षण, मोफत सरकारी दवाखाने. दरडोई उत्पन्नात दक्षिण आशियात मालदीव सोडला तर त्याचाच नंबर वर होता. १९४८ ला स्वतंत्र झाल्यापासून त्यानं परदेशी कर्जाचा एकही हप्ता चुकवला नव्हता. यादवी युद्धाच्या काळातही नाही, २००४ च्या त्सुनामीनंतरही नाही. त्याच देशात २०२२ मध्ये शाळेच्या परीक्षेला कागद उरला नाही. हे कसं झालं?

रुपया छापता येतो, डॉलर छापता येत नाही

श्रीलंकेला पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, गहू, मसूर, दूध पावडर, औषधं हे सगळं किंवा यातलं बरंचसं बाहेरून आणावं लागतं. विकणारा श्रीलंकन रुपये घेत नाही, त्याला डॉलर लागतात. आणि डॉलर देशात यायचे तर ते कमवावे लागतात किंवा कर्जाऊ घ्यावे लागतात.

२०२१ मध्ये श्रीलंकेनं सुमारे २,०६० कोटी डॉलरचा माल आयात केला आणि सुमारे १,२५० कोटी डॉलरचा निर्यात केला. म्हणजे ८०० कोटींहून अधिकची तूट. अशी तूट तिथे वर्षानुवर्षं होती आणि ती दोन गोष्टींनी भरून निघायची. एक, पर्यटक. दुसरी, आखातात घरकाम करणाऱ्या, गाड्या चालवणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या लाखो श्रीलंकनांनी घरी पाठवलेले पैसे. तरीही जे कमी पडायचं, त्यासाठी कर्ज.

या सगळ्या येण्याजाण्यातून देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे जे डॉलर शिल्लक राहतात, त्याला परकीय चलनसाठा म्हणतात. २०१९ च्या अखेरीस हा साठा सुमारे ७६० कोटी डॉलर होता. मे २०२२ मध्ये अर्थमंत्री अली साबरी यांनी संसदेत सांगितलं, की वापरता येईल असा साठा पाच कोटी डॉलरसुद्धा उरलेला नाही. देशाचा एका दिवसाचा आयात खर्चच त्याहून जास्त होता.

साठा रिकामा कसा झाला?

२१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसं गेली. आदल्या वर्षी पर्यटनातून सुमारे ४४० कोटी डॉलर आले होते. ते आटू लागले. पाठोपाठ २०२० मध्ये कोविड आला आणि विमानतळच बंद झाला. या दोन्ही गोष्टी सरकारच्या हातात नव्हत्या.

तिसरी मात्र पूर्णपणे हातातली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाय राजपक्षे निवडून आले आणि त्यांनी निवडणुकीतलं आश्वासन लगेच पाळलं: कर कमी केले. मूल्यवर्धित कर, म्हणजे आपल्या जीएसटीसारखा विक्रीवरचा कर, १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. तो भरावा लागण्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १ कोटी २० लाख रुपयांवरून थेट ३० कोटी रुपयांवर नेली. पगारातून कापला जाणारा प्राप्तिकर बंद केला. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण १२ टक्के असलेला करमहसूल वर्षभरात ८ टक्क्यांच्या आसपास आला. एवढ्या कमी महसुलात कुठलंही सरकार चालत नाही.

इथे कुणीही विचारेल, की कर तर रुपयांत असतो. तो कमी झाला म्हणून डॉलर कसे संपतील?

त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला कर्जबाजाराचा. श्रीलंका २००७ पासून आंतरराष्ट्रीय बाजारात डॉलरचे रोखे विकून कर्ज घेत होती. रोखा म्हणजे ठरलेल्या तारखेला मुद्दल आणि तोवर व्याज देण्याची लेखी हमी. जुन्या रोख्याची मुदत संपली की नवा रोखा विकायचा आणि त्या पैशातून जुना फेडायचा, अशी पद्धत होती. पण नवा रोखा कुणीतरी घ्यायला हवा ना. सरकारचं उत्पन्न असं घटलेलं पाहून पतमानांकन संस्थांनी, म्हणजे कोण कर्ज फेडू शकेल याचा अंदाज देणाऱ्या कंपन्यांनी, २०२० मध्ये श्रीलंकेची पत खाली आणली आणि नवे रोखे घ्यायला कुणी उरलं नाही. जुन्यांच्या तारखा मात्र येत राहिल्या.

दुसरा मार्ग छापखान्याचा. खर्च भागवायला मध्यवर्ती बँकेनं सरकारला नवे रुपये छापून दिले. ते रुपये लोकांच्या हाती गेले, त्यातून खरेदी वाढली, आणि खरेदीचा मोठा भाग आयात मालाचा होता. म्हणजे छापलेला रुपया फिरून डॉलरच मागायला लागला. सरकारनं मग आयातीवर बंद्या घातल्या. मोटारी बंद, हळदसुद्धा बंद. हळदीचा भाव इतका चढला, की तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून ती चोरून नेली जाऊ लागली.

दोनशे रुपयांचा डॉलर

या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात कमी समजली गेलेली आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली चूक ही आहे.

२०२१ मध्ये डॉलरची टंचाई वाढत होती, तेव्हा त्याचा भाव वाढायला हवा होता. मध्यवर्ती बँकेनं तो २०० रुपयांच्या आसपास अडवून धरला. हेतू लोकांना पटण्यासारखा होता: डॉलर महागला तर पेट्रोल, पीठ, औषध महागेल. पण बाहेर, बँकेच्या दाराबाहेर, डॉलरला २४० रुपये मिळत होते.

गावातल्या दूध संघानं लिटरला तीस रुपये धरले आणि खासगी संकलनवाला दारात येऊन छत्तीस देऊ लागला, तर दूध कुठे जाईल? शेतकऱ्याला दोष देता येत नाही; त्याच्या घरातही खर्च आहे. संघाच्या टाक्या कोरड्या पडतात, गावात दूध मात्र तेवढंच निघत असतं.

कुवेतमध्ये घरकाम करणाऱ्या बाईनं हेच केलं. बँकेतून पैसे पाठवले तर घरी डॉलरमागे दोनशे रुपये पोचायचे. उंडियलवाल्याकडून, म्हणजे तिकडच्या हवाल्यातून, पाठवले तर दोनशे चाळीस. उंडियलमध्ये डॉलर परदेशातच राहतो, घरच्यांना फक्त रुपये मिळतात. देशाच्या बँकांत डॉलर येतच नाही. मध्यवर्ती बँकेनं डिसेंबर २०२१ मध्ये डॉलरमागे एकूण १० रुपये जादा देऊ केले. फरक चाळीसचा असताना दहानं काय होणार? २०२० मध्ये बँकांतून सुमारे ७१० कोटी डॉलर घरी आले होते. २०२१ मध्ये ५५० कोटी, २०२२ मध्ये अवघे ३८० कोटी. माणसं परदेशात तितकीच राबत होती.

ज्या भावानं गरिबांचं रक्षण करायचं होतं, त्याच भावानं त्यांच्यासाठी लागणारं पेट्रोल आणि औषध आणायचे डॉलर पळवून लावले.

१८ जानेवारी: कर्ज फेडलं, मग वाईट काय झालं?

२०२२ साल उजाडलं तेव्हा कागदावर ३१० कोटी डॉलरचा साठा होता. त्यातला जवळपास निम्मा चीनच्या मध्यवर्ती बँकेशी केलेल्या अदलाबदलीतले, म्हणजे काही काळापुरतं एकमेकांचं चलन देण्याघेण्याच्या करारातले, युआन होते आणि करारातल्या अटींमुळे ते वापरता येत नव्हते. म्हणजे हातात एका महिन्याच्या आयातीपुरतेही डॉलर नव्हते.

१८ जानेवारीला ५० कोटी डॉलरच्या एका रोख्याची मुदत संपणार होती. अनेक अर्थतज्ज्ञ महिनोन्महिने सांगत होते, की हप्ते आत्ताच थांबवा, कर्ज देणाऱ्यांशी बोला, अडचणीतल्या देशांना अटींवर कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जा आणि उरलेले डॉलर इंधन-औषधासाठी राखा. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर अजित निवार्ड कब्राल यांना देशाची पत जपायची होती. ५० कोटी डॉलर दिले गेले.

ते पैसे परदेशातल्या गुंतवणूकदारांना मिळाले. त्यातल्या काहींनी ते रोखे आधीच पडत्या भावात घेतले होते, म्हणजे त्यांनी जोखमीची किंमत वसूल केलेलीच होती. आणि दहा आठवड्यांत पेराडेनियाच्या शिक्षण रुग्णालयात औषधं नाहीत म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. ही दोन टोकं मी मुद्दाम शेजारी ठेवतोय, कारण डॉलर एकच होता. तो कुणाला द्यायचा हे जानेवारीत ठरलं, आणि रुग्णालयातली माणसं त्या निर्णयाच्या खोलीत नव्हती.

मार्च: टंचाई घराघरात

आयात करणारा व्यापारी आपल्या बँकेकडून परदेशी विक्रेत्याला हमीपत्र देतो: माल पाठव, पैसे बँक देईल. याला पतपत्र म्हणतात. बँकेकडे डॉलर नसले की पतपत्र निघत नाही. पतपत्र नाही तर जहाज निघत नाही, निघालंच तर बंदरात अडकतं. मेमध्ये तिथल्या ऊर्जामंत्र्यांनी संसदेत सांगितलेली गोष्ट ऐका. पेट्रोल भरलेलं एक जहाज २८ मार्चपासून श्रीलंकेच्या समुद्रात नांगर टाकून उभं होतं. आधीच्या खेपेचे ५.३ कोटी डॉलर थकले होते, म्हणून ते माल उतरवत नव्हतं. पेट्रोल किनाऱ्यावरून दिसत होतं आणि पंपावर माणसं दोन-दोन दिवस रांगेत होती.

७ मार्चला मध्यवर्ती बँकेनं डॉलरचा भाव सोडला. दोन महिन्यांत तो ३६० रुपयांच्या आसपास गेला. हळूहळू वाढू दिला असता तर लोकांना सावरायला वेळ मिळाला असता. आता सगळं एकदम आलं. पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा कागद आणि शाईअभावी पुढे ढकलल्या. डिझेल नाही, धरणांत पाणी कमी, त्यामुळे महिनाअखेरीस रोज तेरा-तेरा तास वीज नव्हती. पेट्रोल पंपांवर सैनिक उभे करावे लागले. रांगेत उन्हात उभं राहून म्हातारी माणसं मेली.

सेंद्रिय शेतीच्या हट्टानंच देश बुडाला ना?

हे उत्तर आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. ते अर्धं खरं आहे.

मे २०२१ मध्ये सरकारनं रासायनिक खतं आणि कीटकनाशकांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. कारण आरोग्याचं आणि पर्यावरणाचं सांगितलं, पण खतांवर वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर जात होते आणि तेही वाचवायचे होते. शेतकऱ्यांना तयारीला वेळ दिला नाही. तेवढं सेंद्रिय खत देशात तयारही होत नव्हतं. चीनहून मागवलेल्या एका जहाजभर सेंद्रिय खतात घातक जिवाणू सापडल्याचं सांगून ते नाकारलं, आणि शेवटी त्या न उतरवलेल्या मालापोटी ६७ लाख डॉलर मोजले.

बंदी नोव्हेंबरमध्ये मागे घेतली. पण तिथला भाताचा मुख्य हंगाम, ज्याला 'महा' म्हणतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पेरला जातो. तो खताविना गेला. हे पीक बाजारात येतं फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे नेमके ज्या महिन्यांत डॉलर संपले, त्याच महिन्यांत घरचा तांदूळही कमी आला आणि तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तो बाहेरून आणावा लागला. शेतकऱ्यांना ४,००० कोटी श्रीलंकन रुपयांची भरपाई जाहीर करावी लागली. वर्षाला सव्वाशे-दीडशे कोटी डॉलर मिळवून देणाऱ्या चहालाही फटका बसला. वाचवायला निघालेले ४० कोटी असे गेले.

तरीही, खतबंदी झाली नसती तर संकट टळलं असतं का? नाही. कर्जाच्या तारखा, अडवलेला भाव आणि आटलेला महसूल तसाच राहिला असता. खतबंदीनं फक्त संकटाच्या दिवसांत ताटातला भातही काढून घेतला.

एप्रिल ते जुलै

३१ मार्चच्या रात्री लोक राष्ट्राध्यक्षांच्या मिरिहाना इथल्या घरावर चालून गेले. ९ एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तंबू पडले. तिथे वाचनालय उभं राहिलं, सामुदायिक स्वयंपाकघर चाललं. सिंहली, तमिळ, मुस्लीम एकत्र बसले, जे त्या देशात २६ वर्षांच्या यादवीनंतर साधं नव्हतं. या आंदोलनाला 'अरगलय' म्हणतात, म्हणजे संघर्ष.

दरम्यान मध्यवर्ती बँकेत नंदलाल वीरसिंघे गव्हर्नर म्हणून आले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी व्याजदर तब्बल सात टक्क्यांनी वाढवले आणि १२ एप्रिलला परदेशी कर्जाचे बहुतेक हप्ते थांबवत असल्याची घोषणा झाली. एकूण परदेशी कर्ज होतं सुमारे ५,१०० कोटी डॉलर. जे जानेवारीत करायला हवं होतं ते एप्रिलमध्ये झालं, फक्त मधल्या काळात साठा संपून गेला होता. मेमध्ये व्याजाच्या ७.८ कोटी डॉलरच्या हप्त्याची सवलतीची मुदतही उलटली आणि श्रीलंका इतिहासात पहिल्यांदा थकबाकीदार ठरली.

राजकारण तुम्हाला आठवत असेल. ९ मे रोजी सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी आंदोलकांवर हल्ला केला, देशभर हिंसा उसळली, गोटाबाय यांचे भाऊ, पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांनी राजीनामा दिला. ९ जुलैला जनसागर राष्ट्रपती भवनात शिरला. त्या दिवशी दक्षिणेतल्या गॉल शहरात ऑस्ट्रेलियाशी कसोटी सुरू होती आणि किल्ल्याच्या तटावर, स्टेडियमच्या डोक्यावर, आंदोलक उभे होते. १३ तारखेला गोटाबाय लष्करी विमानानं मालदीवला आणि तिथून सिंगापूरला गेले. २० जुलैला संसदेनं रनिल विक्रमसिंघे यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं.

रांग कशी संपली?

डिसेंबर २०२१ मध्ये लिटरला १७७ रुपये असलेलं पेट्रोल जूनअखेर ४७० रुपये झालं, आणि तरीही मिळत नव्हतं. २७ जूनच्या रात्री सरकारनं सामान्य लोकांना इंधन विकणंच थांबवलं. शाळा बंद झाल्या. सरकारी नोकरांना शुक्रवारी सुटी मिळाली, घरामागे भाजी लावण्यासाठी. विश्वचषक जिंकलेल्या संघातले रोशन महानामा कोलंबोतल्या पंपांवर रांगेतल्या लोकांना चहा आणि बन वाटत होते.

मग जुलैत एक साधी गोष्ट आली: क्यूआर कोड. प्रत्येक वाहनाची नोंद, आठवड्याचा ठरलेला वाटा. सुरुवातीला दुचाकीला ४ लिटर, तीनचाकीला ५, मोटारीला २०. ऑगस्टमध्ये रांगा जवळपास नाहीशा झाल्या. इंधन काही अचानक वाढलं नव्हतं. 'उद्या मिळणार नाही' या भीतीनं टाकी भरून ठेवण्याची गरज संपली होती. आठवड्याला पाच लिटरमध्ये रिक्षावाल्याचं पोट भरत नाही हेही तितकंच खरं. पण निदान रांगेत गेलेले दोन दिवस त्याला परत मिळाले. हा उपाय मार्चमध्येही करता आला असता.

चीनच्या कर्जसापळ्यामुळे हे झालं असं म्हणतात

आकडे तसं सांगत नाहीत. सरकारच्या परदेशी कर्जात चीनचा वाटा साधारण एक दशांश होता. सरकारी कंपन्यांनी घेतलेली कर्जं धरली तर साधारण एक पंचमांश. सर्वांत मोठा हिस्सा, एक तृतीयांशाहून अधिक, त्याच डॉलर रोख्यांचा होता. त्यांच्यावर साधारण सहा ते आठ टक्के व्याज होतं आणि मुद्दल एकरकमी द्यावं लागायचं.

हंबनटोटा बंदराचं उदाहरण नेहमी दिलं जातं. चिनी कर्जातून बांधलेलं ते बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या करारानं चिनी कंपनीला दिलं गेलं, हे खरं. पण त्याबदल्यात मिळालेल्या ११२ कोटी डॉलरमुळे बंदराचं कर्ज माफ झालं नाही. ते डॉलर चलनसाठ्यात गेले. म्हणजे तेव्हाही बंदर देण्यामागे डॉलरची गरज होती. चीनकडून कमी चालणाऱ्या प्रकल्पांसाठी महाग कर्ज घेतलं हा दोष आहेच, आणि तो घेणाऱ्यांचाही आहे. पण २०२२ मध्ये गळ्याशी आलेल्या तारखा प्रामुख्यानं रोख्यांच्या होत्या.

त्या वर्षी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मदत भारतानं केली: चलन अदलाबदल, इंधनासाठी ५० कोटी डॉलरचं उधार खातं, अन्न-औषधांसाठी १०० कोटींचं, अशी मिळून सुमारे ४०० कोटी डॉलरची. नाणेनिधीचं सगळं कर्ज चार वर्षांत मिळून २९० कोटींचं आहे, यावरून अंदाज यावा.

नाणेनिधी आला, मग प्रश्न सुटला?

डॉलरचा सुटू लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक करार झाला, मार्च २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अटी होत्या महसूल वाढवा, नोटा छापू नका, वीज-इंधन तोट्यात विकू नका. ऑगस्ट २०२२ मध्येच विजेचे दर सरासरी ७५ टक्क्यांनी वाढले. मूल्यवर्धित कर सप्टेंबरपर्यंत पुन्हा १५ टक्के झाला.

सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई ६९.८ टक्के होती, अन्नधान्याची ९४.९ टक्के. म्हणजे वर्षापूर्वी शंभर रुपयांत येणारं वाणसामान आता जवळपास दोनशेला. वर्षभरानंतर महागाईचा दर दीड टक्क्याच्याही खाली आला आणि 'श्रीलंका सावरली' अशा बातम्या आल्या. इथे फसायला होतं. महागाईचा दर उतरणं म्हणजे भाव उतरणं नव्हे. दोनशेची वस्तू दोनशेलाच राहिली, फक्त आणखी वाढायची थांबली.

मध्यवर्ती डोंगरातल्या चहामळ्यांत पाने खुडणाऱ्या तमिळ बायकांची दिवसाची किमान मजुरी २०२१ मध्ये १,००० रुपये ठरली होती. २०२४ पर्यंत ती तिथेच होती. गव्हाच्या पिठाची रोटी हे त्यांचं रोजचं जेवण, आणि गहू सगळा आयात. त्यांनी कधी डॉलरचा रोखा घेतला नव्हता, कर कमी झाल्याचा फायदा त्यांना मिळाला नव्हता. हिशेब मात्र त्यांच्या ताटातून चुकता झाला. जागतिक बँकेच्या मोजणीनुसार देशातली गरिबी एका वर्षात १३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेली. २०२२ मध्ये तीन लाखांहून अधिक माणसं कामासाठी देश सोडून गेली, त्यांत डॉक्टरही होते.

मग आपली श्रीलंका होईल का?

भारत एकदा त्या दारापर्यंत जाऊन आला आहे. १९९१ मध्ये आपल्याकडे काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर होते. त्या जुलैत मुंबईतल्या रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतून सुमारे ४७ टन सोनं विमानानं लंडनला गेलं आणि ते गहाण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. त्याच महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन केलं. लोकांना लाज वाटली, संसदेत गदारोळ झाला. पण हप्ता चुकला नाही, कारण भाव अडवून धरला नाही आणि नाणेनिधीकडे जायला उशीर केला नाही.

आज भारत सरकारचं बहुतेक कर्ज रुपयांत आहे, डॉलरचा भाव बाजारात हलतो आणि साठा मोठा आहे. राज्य सरकारं तर स्वतःच्या नावावर परदेशी बाजारात रोखे विकत नाहीत. एखाद्या राज्यानं झेपणार नाहीत अशा योजना आणल्या, तर तिथे कंत्राटदारांची बिलं थकतील, भरती थांबेल, रस्ते आणि शाळांचा पैसा कापला जाईल. हे गंभीर आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण पेट्रोलचं जहाज त्यामुळे समुद्रात अडकणार नाही. श्रीलंका योजनांच्या खर्चानं कोसळली नव्हती. मोठा घाव करकपातीचा होता, आणि त्या कपातीतलं सर्वांत जास्त मिळालं ते चांगलं कमावणाऱ्यांना.

एखाद्या देशाबद्दल अशी शंका आली तर तीन गोष्टी पाहाव्यात. चलनसाठा किती महिन्यांच्या आयातीला पुरेल? सरकारचं किती कर्ज डॉलरमध्ये आहे? आणि बँकेतल्या आणि बाजारातल्या डॉलरच्या भावात फरक पडलाय का? तिसरं लक्षण सगळ्यात आधी दिसतं. जानेवारी २०२३ मध्ये पाकिस्तानात हेच दिसत होतं. तिथेही भाव अडवला होता, साठा तीन आठवड्यांच्या आसपास आला होता. त्यांनी भाव सोडला आणि जूनअखेर नाणेनिधीशी करार करून ते थोडक्यात वाचले.

आता तिथे काय चाललंय?

नोव्हेंबर २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा निकालात राजपक्षे बंधू, कब्राल आणि इतर काही अधिकाऱ्यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग करून हे संकट ओढवल्याचं म्हटलं. सप्टेंबर २०२४ मध्ये लोकांनी अनुरा कुमारा दिसानायके यांना राष्ट्राध्यक्ष केलं. त्यांच्या पक्षाला त्याआधीच्या संसदेत फक्त तीन जागा होत्या. २०२४ मध्येच भारत, जपान, फ्रान्स, चीन आणि रोखेधारक यांच्याशी कर्ज पुनर्रचनेचे, म्हणजे हप्ते पुढे ढकलण्याचे आणि काही रक्कम सोडून देण्याचे, करार झाले. त्या वर्षाअखेरीस चलनसाठा पुन्हा सुमारे ६१० कोटी डॉलर झाला. इतर देशांच्या सरकारांकडून घेतलेल्या कर्जांचे थांबलेले हप्ते २०२८ पासून पुन्हा सुरू होतील.